तिसरी ओळ

झड लागली की माझ्या वडिलांना सॅक्सोफोन ऐकायचा असतो. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग अण्णांकडे. कारण अण्णा म्हणजे मुखेडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेले, निवृत्त झाल्यावरही भाजी आणायला जाताना खिशाला पेन लावणारे गृहस्थ. त्यांना भजनाची आवड असेल, फार तर नाट्यगीतांची, असं लोक धरून चालतात. अण्णांना नाट्यगीतं ऐकली की झोप येते.

आज नांदेडवर भाद्रपदातली झड आहे. ही झड कोसळत नाही, गडगडत नाही, नुसती लागून राहते. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, गोदावरीच्या पुलावर छत्र्या घेऊन बघ्यांची गर्दी होते, आणि माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोरीवरचे कपडे वास मारायला लागतात. गॅलरीच्या जाळीशी खुर्ची टाकून अण्णा बसलेले असतात. जाळीतून त्यांना समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि मधल्या फटीतून रस्त्याचा एक तुकडा. त्या तुकड्यातून मुखेडकडे जाणारी एसटी जाते. ती गेली की ते घड्याळात बघतात.

आषाढात घरच्या अंगणात पाय घसरून त्यांची नडगी मोडली. आई गेल्यापासून ते मुखेडला एकटेच राहतात. सकाळी दूधवाली आली तेव्हा तिला ते तुळशीच्या ओट्याला टेकून बसलेले दिसले. किती वेळ बसून होते ते त्यांनी अजून मला सांगितलेलं नाही. मी त्यांना गाडी करून, त्यांच्या गादीसकट इथं आणलं. पोळ्याच्या आधीच प्लास्टर निघालं, आता काठीच्या आधारानं ते घरभर फिरतात. तरी ते इथंच आहेत, कारण मी म्हणते, पाऊस उघडू द्या. पाऊस काही उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर तो उघडला तरी पुढचं कारण माझ्याकडे तयार आहे.

माझा नवरा नोकरीसाठी हैदराबादला असतो, सुट्टीपुरता येतो. मी इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. सकाळी निघताना मी दाराला बाहेरून कुलूप लावते. जिना ओला असतो, इमारतीला लिफ्ट नाही, आणि एकदा अण्णा काठी टेकत टेकत एक मजला उतरून गेले होते. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलेली असते, म्हणजे तशी सगळी काळजी घेतलेली आहे. पण कुलपाचा खटका होतो तेव्हा आत पेपर उलटण्याचा आवाज थांबतो. तो थांबलेला आवाज मी जिना उतरताना ऐकते, मग रिक्षात बसते, आणि वर्गात शिरेपर्यंत विसरून जाते.

आज कॉलेजला सुट्टी दिली. दुपारी चहा झाल्यावर अण्णा म्हणाले, "ते पावसाचं लाव की, माय."

पावसाचं म्हणजे एक मेमरी कार्ड. नखाएवढं. त्याच्यावर एकेकाळी अण्णांच्या अक्षरात 'अभ्यास' असं लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा होता. ज्या छोट्या, स्पीकरवाल्या डब्यात ते वाजायचं तो डबा केव्हाच मोडीत गेला, आता ते माझ्या जुन्या फोनमध्ये बसवून ठेवलंय. कार्ड मात्र अजून वाजतं. इतक्या स्वस्तातली वस्तू इतकी वर्षं टिकते तेव्हा आपण तिच्याकडे जरा संशयानंच बघतो.

ते माझ्याकडे आलं तेव्हा मी लातूरला होते. मेडिकलच्या परीक्षेसाठी दुसऱ्यांदा 'रिपीट' करत होते. आमच्या भागात हा शब्द आता शेतीच्या शब्दांइतका घरचा झालाय. पोरगी काय करून राहिली? रिपीट करून राहिली. यावर विचारणारा मान हलवतो आणि पुढं काही विचारत नाही. आजारी माणसाच्या घरी जसं बोलतात तसं लोक माझ्याशी बोलायला लागले होते. अण्णांच्या शाळेतले मास्तर घरी आले की मी चहा ठेवून आत जायची, आणि बाहेरचं बोलणं एकदम खालच्या पट्टीत जायचं.

हॉस्टेलची खोली अशी होती की खिडकी उघडली की शेजारच्या हॉस्टेलची भिंत. हात लांब केला तर लागायची. दिवस मावळला की खालच्या गेटला कुलूप. फोन ऑफिसात जमा, तो रविवारी चाचणी झाल्यावर मिळायचा, आणि त्या चाचणीत किती पडले हे घरी सांगण्यासाठीच तो मिळतो असं वाटायचं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ज्या लातुरानं पाण्यासाठी इतके हाल काढले त्या लातुरात पावसाला नावं ठेवायची सोय नसते. मेसवाल्या मावशी पातेली धुताना पावसाकडे बघून हात जोडायच्या, आणि आम्ही मुली ओले कपडे पंख्याखाली धरून मनातल्या मनात म्हणायचो, पुरे की रे आता. मला त्या खोलीत रडू यायचं नाही. श्वास घ्यायची आठवण करून घ्यावी लागायची, इतकंच.

तेव्हा मुखेडच्या बसस्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं. तुम्ही आवड सांगायची, म्हणजे भक्तिगीतं, भीमगीतं, जुनी, लग्नातली, डीजे, आणि दुकानदार आपल्या कॉम्प्युटरवरून कार्ड काठोकाठ भरून द्यायचा. अण्णा तिथं गेले आणि म्हणाले, बिगरशब्दाचं पाहिजे. पोरीचं अभ्यासात ध्यान लागावं, बाहेरचं काही ऐकू येऊ नये, असं. अशी मागणी त्या दुकानात कधी आली नव्हती. त्या भल्या माणसानं नेटवर शोधाशोध केली. अभ्यासासाठी, पावसाळी दिवसासाठी, असं काहीतरी परदेशी त्याला सापडलं, आणि त्याखाली जे जे आलं ते सगळं त्यानं कार्डात ओतलं. अण्णांनी दुकानात उभं राहून पहिली दोन तपासली. दोन्हींत नुसता पियानो होता. गठ्ठ्यातल्या वरच्या दोन वह्या तपासून खालच्या सगळ्यांवर बरोबरची खूण करावी तसं त्यांनी ते कार्ड पास केलं. रेक्टर मॅडमनीही डबा कानाला लावला, पहिलं गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, छान आहे, एकाग्रता वाढेल.

तिसऱ्या गाण्यापासून सॅक्सोफोन सुरू व्हायचा.

माझी खोलीतली जोडीदार रेश्मा धर्माबादची. तिच्या घरी मिरचीचा व्यापार, त्यामुळे तिची बॅग उघडली की खोलीत आधी शिंका आणि मग बोलणं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. दुपारच्या सक्तीच्या अभ्यासाच्या तासाला, पुस्तक उघडं ठेवून, आम्ही ऐकायचो. मागं ढोलावर कुणीतरी ब्रश फिरवत असायचं, सुपात गहू पाखडल्यासारखा आवाज. त्यावर एक बाजा एकटाच निघायचा, भलतीकडे जायचा, आता हा हरवला असं वाटेपर्यंत जायचा आणि मग सहज मूळ चालीवर परत यायचा. रेश्मा म्हणायची, ह्याला घरी कुणी विचारत न्हाई का कुठं गेलता म्हणून. जॅझ, ब्लूज, सोल ही नावं मला खूप नंतर कळली. आम्ही त्यांना भटकणारी, सांगणारी आणि भजनवाली बाई म्हणायचो. भजनवाली बाई खरोखर भजनातलीच वाटायची. आधी हळू, अंगावर पदर सावरून बसल्यासारखी, आणि मग एकदम असा आवाज लावायची की रेश्मा दचकून दाराकडे बघायची, जणू रेक्टर मॅडमना ते इअरफोनमधून ऐकू जाणार होतं.

मला लागली ती सांगणारी. त्यातला माणूस एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मधल्या रिकाम्या जागेत गिटार काहीतरी पुटपुटायची. मग तो तीच ओळ पुन्हा म्हणायचा, एखादा शब्द इकडचा तिकडं करून. आणि मग तिसरी, निराळी ओळ, की झालं. इंग्रजी मला निम्मंही कळायचं नाही. पण तो रडत नव्हता एवढं कळायचं. तो आपल्यावर काय बेतलंय ते सांगत होता, आणि सांगून झाल्यावर त्याच जागी उभा होता. पुढे वाचलं की या गाण्यांचं मूळ परमुलखात गुलाम करून नेलेल्या, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचणाऱ्या माणसांत आहे. त्यांची कोंडी आणि माझी कोंडी एका मापानं मोजायला मी वेडी नाही. घरच्या तुपाचा डबा कपाटात असलेली मुलगी होते मी. पण कापसाचं रान मला माहीत होतं. लवून वेचणाऱ्या बायका पाठ सरळ न करता एकमेकींना काहीबाही सांगत असतात, तेही माहीत होतं. म्हणून असेल, तो आवाज परका वाटला नाही.

त्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना मी घरी गेले. आईनं दोघींना नेसवलं, सोळा भाज्यांचा नैवेद्य झाला, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी मला आता तरी होणार ना गं असं विचारलं, आणि आईनं माझ्या वतीनं होणार म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या, आणि त्याच दुपारी अण्णा मला गाडीनं लातूरला सोडायला निघाले. गाडीत फराळाचा डबा होता, धुतलेल्या कपड्यांची पिशवी होती. झड होतीच. जळकोटच्या अलीकडे ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. आमच्या पुढं एसटी, टेम्पो, मोटारसायकलींची रांग. मागं वळून जायचं तर मागचाही ओढा फुगलेला, असं एक मोटारसायकलवाला सांगत आला. अण्णांनी गाडी बंद केली.

काचा चढवल्या की वाफ धरायची, खाली घेतल्या की पाऊस आत. शेवटी चढवूनच बसलो. बाहेरचं काही दिसेना. त्या बंद गाडीत मला पहिल्यांदा बरं वाटत होतं, हे आजही लख्ख आठवतं. पाणी उतरेपर्यंत लातूर नव्हतं. पाणी उतरूच नये असं मी मनात म्हणत होते, आणि शेजारी अण्णा पाणी कधी उतरतंय म्हणून पुन्हा पुन्हा काच पुसत होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, तुझं ते अभ्यासाचं लाव, बसल्या बसल्या ऐकू. मी गाण्यांचा डबा समोर ठेवला. पियानो झाला. दुसरा पियानो झाला. तिथं बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. सॅक्सोफोन झाला, अण्णा खिडकीकडे बघत होते. मग तो सांगणारा सुरू झाला.

"हे बिगरशब्दाचं न्हाई," अण्णा म्हणाले.

मी न्हाई म्हटलं. आता बोलणी बसणार म्हणून मी डब्याकडे हात नेला, तर त्यांनी तो बाजूला केला आणि आवाज वाढवला. गाणं संपलं. मग त्यांनी मला ते पुन्हा लावायला सांगितलं.

"एक ओळ दोनदा म्हणून राहिला हा," ते म्हणाले. "गणित असंच वाचावं लागतंय. पहिल्यांदा नुसतं डोळ्यानं वाचलं जातंय. दुसऱ्यांदा वाचलं की मग काय विचारून राहिले ते कळतंय. त्याच्याबिगर उत्तराला हात घालायचा न्हाई."

हे ते वर्गात म्हणायचे. मी त्यांच्याच शाळेत शिकले, हजारदा ऐकलेलं वाक्य. पण त्या दिवशी ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, मला डॉक्टर न्हाई व्हायचं."

त्यांनी रुमाल काढला. काच पुसली. गाणं चालू होतं, गिटार पुटपुटत होती. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मग वाटलं ऐकू गेलं.

"मला त्या खोलीत न्हाई राहायचं, अण्णा. मला डॉक्टर न्हाई व्हायचं."

तेवढ्यात पुढं शिट्ट्या वाजल्या. पाणी उतरलं होतं, एसटी हलली होती. अण्णांनी डबा बंद केला, गाडी सुरू केली आणि पुलावर घातली. पुलाच्या पलीकडे लातूर. मी एवढं बोलले, दोनदा बोलले, आणि गाडी लातूरकडेच निघाली होती. चाकाखाली पाणी फाकत होतं. शिरूर ताजबंदला चहाला थांबूया का हेही त्यांनी विचारलं नाही. लातूरपर्यंतचा तेवढा रस्ता मी आयुष्यात दुसऱ्यांदा इतका लांब पाहिला नाही.

हॉस्टेलच्या गेटशी गाडी उभी राहिली. मी कपड्यांची पिशवी घेऊन उतरले, फराळाचा डबा घेतला. वळून बघते तर अण्णाही उतरले होते, पँट घोट्याच्या वर दुमडत होते. रेक्टर मॅडमना त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. जिन्याशी आले आणि म्हणाले, "तू पुस्तकं बांध. गादी मी उचलतो."

इतकंच. ना त्यांनी जवळ घेतलं, ना काही समजावलं. गादी टपावर बांधली, तिच्यावर प्लास्टिक टाकलं, ते चाकूरच्या आतच उडून गेलं. मुखेडला पोचलो तेव्हा गादीतून पाणी निथळत होतं. दारात आईनं आधी मला बघितलं, मग गादीला, आणि तिथंच खाली बसली. ती पुढं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं दुःख मला आता कळतं. तेव्हा नुसता राग आला होता. त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली की सगळं भिजवून आणलंत. अण्णा म्हणाले, वाळंल. पुढं गावात कुणी विचारलं, पोरीचं काय झालं मास्तर, की तेही इतकंच म्हणायचे, रिपीट संपलं. विचारणाऱ्यांना उत्तर कळायचं नाही, आणि अण्णा ते दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत.

रेश्मा मात्र टिकली. ती आता धर्माबादला डॉक्टर आहे. काल तिला अण्णांच्या पायाच्या एक्स-रेचा फोटो पाठवला होता. तिचा फोन आला. म्हणाली, हाड लई छान जुळलंय, जिना उतरू दे त्यांना. मी म्हटलं, अगं पावसात कुठं. ती म्हणाली, पाऊस तुझ्या एकटीच्याच जिन्यावर पडून राहिला का. मग दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मला तिचा राग आला.

कारण मला भीती वाटते. मी ती सांगून टाकते. ते परत त्या अंगणात पडतील, आणि दूधवाली येईपर्यंत मला कळणार नाही, ही भीती. त्या भीतीपायी मी सगळं नीट बसवलं आहे. गोळ्यांच्या वेळा, शेजारच्या काकू, कुलूप. हॉस्टेलसुद्धा कुणीतरी अशाच काळजीनं बांधलं असेल. आमच्या भल्यासाठीच होतं ते सगळं, गेटसुद्धा.

तर आज दुपारी कार्ड लावलं. पियानो झाले. सॅक्सोफोन आला, भलतीकडे गेला, परत आला. मी कोचावर अर्धवट वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मग सांगणारा सुरू झाला, आणि त्यानं पहिली ओळ म्हणून झाल्यावर, गिटारीच्या त्या रिकाम्या जागेत, अण्णा जाळीतून बाहेर बघत म्हणाले, "मला घरी जायचंय."

मी घडी घालत राहिले. उत्तरं सगळी तयार होती. घर ओलं असेल. स्वयंपाक कोण करणार. एकटे कसे राहणार. पाऊस उघडू द्या. त्यातलं एकही खोटं नव्हतं. एसटी त्या रस्त्याच्या तुकड्यातून गेली असावी, कारण त्यांनी घड्याळात बघितलं.

मग ते माझ्याकडे वळले. "मला घरी जायचंय, माय."

फोनमधला माणूस तिसरी ओळ म्हणाला, पण ती मला ऐकू आली नाही. मी हातातला टॉवेल तसाच टाकला. खिळ्यावरची दाराच्या कुलपाची किल्ली काढून त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी ठेवली. माझी भीती कुठं गेली नव्हती, ती तिथंच होती.

म्हटलं, "तुम्ही गोळ्या पिशवीत भरा. गादी मी उचलते."

त्यांनी काठी धरली, पण लगेच उठले नाहीत. जाळीबाहेर झड लागूनच होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "भिजंल की गं."

"वाळंल," मी म्हटलं.